दुरुस्तीला गेलेली वस्तू आणि न ठरलेली तारीख

कुरियरवाला दारातून खोकं घेऊन गेला की ग्राहकाच्या हातात उरतो फक्त एक ट्रॅकिंग नंबर. पहिले तीन-चार दिवस तो बोलका असतो. पार्सल निघालं, भिवंडीच्या गोदामात पोचलं, सर्व्हिस सेंटरनं ताब्यात घेतलं. मग तो गप्प होतो. आठवड्यानं फोन केला की ‘पार्ट पेंडिंग आहे’, पंधरा दिवसांनी केला की ‘वरती कळवलंय’, आणि महिन्यानं केला की नाव, मोबाइल नंबर, तक्रार क्रमांक सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, कारण फोनवरचा माणूस बदललेला असतो.

घड्याळ, रेडिओ, मिक्सर बिघडला की बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे टाकायचा आणि येता-जाता डोकावून ‘झालं का?’ विचारायचं, ही पद्धत अजून संपलेली नाही. पण मोबाइल, लॅपटॉप, कॅमेऱ्याची लेन्स, स्मार्ट घड्याळ, कानातले वायरलेस इअरबड्स या वस्तू आता चिकटवून बंद केलेल्या असतात, त्यांचे सुटे भाग कंपनीकडेच मिळतात आणि परक्या हातानं उघडल्या तर वॉरंटी जाण्याची भीती असते. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर पुण्या-मुंबईत, नाहीतर थेट बेंगळुरूला. देवगड, सिरोंचा किंवा उमरग्याच्या ग्राहकापुढे मग एकच रस्ता राहतो: ‘पिकअप अँड ड्रॉप’. डोकावून विचारायची सोय त्यात नाही.

अशा वेळी ग्राहकानं थांबायचं किती? भारतीय कायद्यात या प्रश्नाचं दिवसांत मोजलेलं उत्तर नाही. मोबाइल 10 दिवसांत किंवा लॅपटॉप 30 दिवसांत परत द्यावा, असं कोणत्याही कलमात लिहिलेलं नाही. याचा फायदा घेऊन ‘वेळ लागतोच’ असं सांगितलं जातं आणि बहुतेकांना ते पटतंही. पण आकडा नाही म्हणजे मर्यादा नाही, असा अर्थ होत नाही. मर्यादा आहे, आणि तीही दीडशे वर्षांपूर्वीपासून. फक्त ती लागू करून घ्यायची तर मोजणी कुठून सुरू झाली हे ग्राहकाला कागदावर दाखवता आलं पाहिजे.

1872 पासूनचा ‘वाजवी वेळ’

भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 46 सांगतं की काम पूर्ण करण्याची मुदत करारात ठरलेली नसेल, तर ते वाजवी वेळेत झालं पाहिजे. वाजवी म्हणजे किती, हे त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवरून ठरवायचं. मुदत न लिहिणाऱ्याला त्यामुळे अमर्याद सवलत मिळत नाही. त्यानं मुदत ठरवण्याचं काम आपल्याकडून काढून न्यायासनाकडे दिलेलं असतं, एवढंच.

याच कायद्यात दुसऱ्याच्या ताब्यात तात्पुरत्या दिलेल्या वस्तूंविषयी कलम 148 पासून पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे. दुरुस्तीला दिलेला मोबाइल त्यातच बसतो. मालकी ग्राहकाची, ताबा सर्व्हिस सेंटरचा. ताबा घेणाऱ्यानं, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची, हे कलम 151. ठरलेली वेळ संपली किंवा काम झालं की मागणीची वाट न पाहता वस्तू परत करायची, हे कलम 160. आणि उशिराच्या दृष्टीनं सर्वांत धारदार ते कलम 161: ताबा घेणाऱ्याच्या चुकीमुळे वस्तू योग्य वेळी परत झाली नाही, तर त्या वेळेपासून पुढे तिचं जे काही होईल, म्हणजे ती हरवेल, नष्ट होईल किंवा खराब होईल, त्याला तोच जबाबदार.

या कलमाचा उपयोग पावसाळ्यात कळतो. समजा, लॅपटॉप 10 जूनला परत द्यायचं ठरलं होतं आणि जुलैच्या अतिवृष्टीत सर्व्हिस सेंटरच्या तळघरात पाणी शिरलं. एरवी पुरेशी काळजी घेतली होती असं दाखवून केंद्र सुटू शकलं असतं. पण स्वतःच्या चुकीनं त्यानं 10 जून ओलांडला असेल, तर पावसाकडे बोट दाखवून भागत नाही. लॅपटॉप वेळेत दिला असता तर तो तळघरात राहिलाच नसता.

‘आधी पैसे, मग वस्तू’ या वादाचं उत्तरही इथेच आहे. कलम 170 प्रमाणे कारागिरानं ठरल्याप्रमाणे कसबाचं काम केलं असेल, तर मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क त्याला आहे. कायद्यानं त्याला शिंप्याचं उदाहरण दिलं आहे. कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन, असं शिंप्यानं कबूल केलं असेल, तर पैशांसाठी त्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे हक्क आहे तो केलेल्या कामाच्या पैशांपुरता. ग्राहकानं खर्चाचा अंदाज नाकारला, दुरुस्ती झालीच नाही, आणि तरीही आधी न सांगितलेलं ‘गोदाम भाडं’ मागून मोबाइल अडवला, तर त्याला या कलमाचा आधार सापडणं कठीण.

2019 च्या कायद्यानं काय दिलं

करार कायद्यानं हक्क दिला, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढायला लावली. चार-पाच हजारांच्या इअरबड्ससाठी ते कोण करणार? ही अडचण ओळखून 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. ग्राहक चळवळीचं त्यात मोठं श्रेय आहे, आणि बिंदुमाधव जोशींनी पुण्यात उभी केलेली ग्राहक पंचायत व पुढे मुंबई ग्राहक पंचायत यांमुळे महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. जुन्या कायद्याची जागा 2019 च्या कायद्यानं घेतली आणि तो जुलै 2020 पासून लागू झाला.

या कायद्यात सेवेतली ‘त्रुटी’ फार व्यापक आहे. कामाचा दर्जा, पद्धत किंवा कबूल केलेली गोष्ट यांत उणेपणा राहिला की त्रुटी झाली. निष्काळजीपणा ही त्रुटी आहेच, पण ग्राहकाला कळायला हवी ती माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा त्रुटी आहे. लागणारा सुटा भाग देशात उपलब्धच नाही हे पहिल्या आठवड्यात कळूनही ग्राहकाला महिनाभर ‘काम चालू आहे’ असे संदेश पाठवत राहणं यात बसतं. दुरुस्तीचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

कंपन्यांकडून दोन बचाव हमखास येतात. पहिला असा: वॉरंटीतली दुरुस्ती फुकट होती, आणि फुकट सेवा कायद्यात येत नाही. फुकट सेवा कायद्याबाहेर आहे हे खरं, पण वॉरंटी फुकट नसते. वस्तूच्या किमतीतच तिचे पैसे मोजलेले असतात.

दुसरा बचाव व्यावसायिक वापराचा. समजा, संगमनेरच्या एका छायाचित्रकारानं दिवाळीत लेन्स दुरुस्तीला पाठवली. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली आणि लेन्स अजून मुंबईतच. भाड्यानं लेन्स आणून तो काम भागवतो आहे. तक्रार केली तर कंपनी म्हणणार, ‘तुम्ही धंद्यासाठी लेन्स वापरता, तुम्ही ग्राहकच नाही.’ पण कायद्यानं स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू विकत घेऊन वापरणाऱ्याला व्यावसायिक वापरातून वगळलं आहे. स्वतःच्या हातानं कॅमेरा चालवून पोट भरणारा छायाचित्रकार ग्राहक ठरू शकतो. दहा छायाचित्रकार नोकरीला ठेवून स्टुडिओ चालवणाऱ्या कंपनीचा दावा मात्र अवघड.

‘वाजवी वेळ’ ही कल्पना ग्राहक कायद्यात किती दूर जाते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या एका निकालात दिसतं. मुंबईतल्या सदनिकांचं ते प्रकरण होतं. करारात ताब्याची तारीखच नव्हती आणि वर्षं उलटत होती. माणसाला अनिश्चित काळ थांबायला लावता येत नाही, तारीख नसेल तर वाजवी काळ धरावा लागेल, असं सांगून न्यायालयानं त्या प्रकरणात तीन वर्षांचा काळ वाजवी मानला. इमारतीला तीन वर्षं, मग बॅटरी बदलायला किती? तत्त्व तेच आहे, माप वस्तूनुसार लहान होतं. संकेतस्थळावर, जाहिरातीत किंवा जॉब शीटवर कंपनीनं स्वतः किती दिवस लिहिले होते, बिघाड किती अवघड होता, भाग मिळत होता का, उशीर होणार हे वेळेवर कळवलं का, अशा गोष्टींवरून ते ठरतं.

उशीर नेमका होतो कुठे

दाद मागण्यापूर्वी उशीर कोणाच्या पदरात टाकायचा, हे पाहावं लागतं. पाठवलेल्या वस्तूच्या प्रवासात साधारण पाच टप्पे असतात: जाणं, तपासणी, खर्चाच्या अंदाजाला मंजुरी, सुटा भाग मिळून दुरुस्ती, आणि परत येणं. मंजुरीचा टप्पा ग्राहकाचा स्वतःचा. कंपनीनं अंदाजपत्रक पाठवलं आणि ते ई-मेलच्या स्पॅममध्ये पंधरा दिवस पडून राहिलं, तर ते पंधरा दिवस कंपनीच्या खात्यात मांडता येत नाहीत.

काही उशीर रास्तही असतो. फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल हे चांगलं उदाहरण. लिथियम बॅटरी सदोष किंवा खराब झाली असेल आणि तिच्यातून धोका संभवत असेल, तर ती विमानानं पाठवायला आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांनी बंदी आहे. असा फोन रस्त्यानंच जायला हवा, आणि नागपूरहून बेंगळुरूला रस्त्यानं जायचं म्हणजे दिवस वाढणारच. ग्राहकानं बॅटरी फुगल्याचं लपवून पार्सल दिलं आणि ते वाटेत अडलं, तर उशिराचं खापर त्याच्यावर फुटतं.

तपासणीच्या टप्प्यावर खरी वादावादी होते ती ‘फिजिकल डॅमेज’ आणि ‘लिक्विड डॅमेज’ या शेऱ्यांवरून. फोन धडधाकट गेला होता, फक्त चार्जिंग होत नव्हतं, असं ग्राहक म्हणतो. स्क्रीनच्या कोपऱ्याला तडा आहे, त्यामुळे वॉरंटी लागू नाही, असं केंद्र म्हणतं. तडा घरी गेला, कुरियरच्या गाडीत गेला की केंद्रातल्या टेबलावर, हे सांगणार कोण? पार्सल बंद करण्याआधी काढलेले फोटो.

कुरियरच्या बाबतीत एक जुना निकाल प्रत्येक ग्राहकानं लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारती निटिंग कंपनीनं 1990 मध्ये जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं डीएचएल या कुरियरकडून वेळेत पोचली नाहीत. माल हंगाम संपल्यावर सुटला आणि मोठं नुकसान झालं. राज्य आयोगानं सव्वाचार लाखांवर भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगानं ती 100 डॉलरवर आणली आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. कारण पावतीवर जबाबदारीची मर्यादा 100 डॉलर अशी छापलेली होती आणि त्या पावतीवर पाठवणाऱ्याची सही होती. सही केली नव्हती, अटी वाचायला दिल्या नव्हत्या किंवा त्या न वाचता येण्याइतक्या बारीक होत्या, असा मुद्दा पुढच्या अनेक तक्रारींत मांडला गेला. पण सही असेल तर हा निकाल आडवा येतो. महागडी वस्तू पाठवताना खरी किंमत जाहीर करून विमा उतरवणं हा त्यावरचा साधा उपाय.

म्हणून कुरियर कोणी ठरवलं हे महत्त्वाचं. कंपनीनं स्वतः पिकअप पाठवला असेल, तर ग्राहकाचा व्यवहार कंपनीशी आहे. ‘कुरियरकडून हरवलं, त्यांना विचारा’ असं सांगून तिला हात झटकता येत नाहीत. ग्राहकानं स्वतः पार्सल पाठवलं असेल, तर ते केंद्रात पोचेपर्यंतची जोखीम बहुधा त्याचीच. टपाल खात्यातून पाठवलं तर हिशेब आणखी वेगळा. 2023 च्या टपाल कायद्यानुसार, नियमांत जेवढी ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी खात्यावर येते.

आयोगापुढे टिकणारा पुरावा

ग्राहक आयोगासमोर तक्रार मुख्यतः प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांवर चालते. फोनवर दिलेली आश्वासनं तिथे फारशी टिकत नाहीत, त्यामुळे तयारी वस्तू खोक्यात घालण्याआधीच सुरू व्हायला हवी.

वस्तूचे सहाही बाजूंनी फोटो, चालू स्थितीतल्या स्क्रीनचा एक छोटा व्हिडिओ, मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक आणि लॅपटॉप असेल तर सिरियल क्रमांक, खरेदीचं बिल, खोकं बंद करतानाचा फोटो, आणि कुरियरची पावती. फोनमधला डेटा आधीच दुसरीकडे उतरवून घ्यावा, कारण डेटा गेल्यास जबाबदारी नाही अशी अट जवळपास प्रत्येक जॉब शीटवर असते. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं. सोबत पाठवलेला चार्जर, कव्हर, पट्टा यांची नोंद पत्रात करावी.

वस्तू पोचली की जॉब शीट मागून घ्यावी. ती ई-मेलनं किंवा व्हॉट्सॲपवर आली तरी चालते. तिच्यावर मिळाल्याची तारीख, लिहून घेतलेला बिघाड, बाह्य स्थिती आणि अपेक्षित परतीची तारीख या चार गोष्टी आहेत का, हे पाहावं. तारखेची जागा रिकामी असेल तर त्याच दिवशी ई-मेल करून विचारावं. उत्तर आलं नाही, तरी विचारल्याची नोंद राहते. यापुढे फोनवर जे बोलणं होईल, ते लगेच दोन ओळींच्या ई-मेलमध्ये उतरवायचं: ‘आज दुपारी आपल्या प्रतिनिधीनं भाग शुक्रवारपर्यंत येईल असं सांगितलं.’ असे तीन-चार ई-मेल साठले की उशिराचा इतिहास कंपनीच्याच शब्दांत तयार होतो.

मुदत उलटली की नोटीस. ग्राहक आयोगाकडे जाण्याआधी नोटीस देणं कायद्यानं सक्तीचं नाही आणि ती वकिलानंच लिहायला हवी असंही नाही. पण ‘वाजवी वेळ’ कधी संपला, हे दाखवायला तिच्यासारखा कागद नाही. साधी नोटीस अशी होऊ शकते:

‘माझा लॅपटॉप (सिरियल क्रमांक अमुक) आपल्या कुरियरनं 3 जून रोजी नेला. जॉब शीटवर कामाचे 10 दिवस लिहिले आहेत. आज 2 जुलै. हे पत्र मिळाल्यापासून 7 दिवसांत लॅपटॉप दुरुस्त करून परत द्यावा. ते शक्य नसल्यास उशिराचं कारण व परतीची नक्की तारीख लेखी कळवावी, किंवा लॅपटॉप आहे त्या स्थितीत आपल्या खर्चानं परत पाठवावा. यांपैकी काहीही न झाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

नोटीस ई-मेलनं पाठवावीच, शिवाय पोच मिळेल अशा टपालानंही. पत्ता कुठला? वस्तूच्या मूळ खोक्यावर पाहावं. आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे तक्रारीसाठीचं नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल तिथे छापलेला असतो. खोकी रद्दीत देण्याआधी निदान त्या बाजूचा फोटो काढून ठेवायला हरकत नाही.

पायऱ्या तीन

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. ॲप किंवा संकेतस्थळावरून घेतलेल्या सेवेला ई-कॉमर्स नियम, 2020 लागू होतात. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं बंधन त्यात आहे. ‘कस्टमर केअर’ आणि हा अधिकारी वेगळे. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं कंपनीला भाग आहे. बहुतेक ग्राहक मात्र कस्टमर केअरच्याच फेऱ्यांत अडकतात आणि या दारापर्यंत पोचतच नाहीत.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. मराठीसह 17 भाषांत ती चालते आणि तक्रार ॲप, संकेतस्थळ किंवा व्हॉट्सॲपवरूनही नोंदवता येते. हजाराहून अधिक कंपन्या या यंत्रणेशी थेट जोडलेल्या आहेत, त्यामुळे तक्रार कंपनीतल्या वरच्या टेबलावर जाते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. तरी अडकलेला लॅपटॉप हलवायला अनेकदा एवढा धक्का पुरतो.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथे, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क शून्य. पूर्वी तक्रार कंपनी जिथे असेल किंवा जिथे व्यवहार झाला तिथे करावी लागे. 2019 च्या कायद्यानं ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती करण्याची मुभा दिली. कुरियरनं वस्तू पाठवणाऱ्यांना याचा सर्वाधिक फायदा आहे. कार्यशाळा बेंगळुरूला असली, तरी रत्नागिरीचा ग्राहक रत्नागिरीत आणि मडगावचा ग्राहक दक्षिण गोव्याच्या आयोगात दाद मागू शकतो. जानेवारी 2025 पासून ‘ई-जागृती’ या पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल करता येते, दूरदृश्य प्रणालीनं सुनावणीची विनंती करता येते, आणि वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. अटींत लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे.

हाती काय लागतं

आयोग दुरुस्ती करून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा, भरपाईचा आणि तक्रारीच्या खर्चाचा आदेश देऊ शकतो. मनस्तापाची भरपाईही मिळते. लखनौ विकास प्राधिकरणाविरुद्धच्या 1993 च्या गाजलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ‘भरपाई’ या कल्पनेत मानसिक त्रास आणि छळवणूक यांचाही समावेश केला. पण तोंडाला येईल तो आकडा मागून उपयोग नसतो. गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या 2004 च्या प्रकरणात याच न्यायालयानं बजावलं की भरपाई सरसकट एका दरानं देता येणार नाही, प्रत्येक प्रकरणातल्या नुकसानीशी तिचा मेळ बसला पाहिजे. संगमनेरच्या त्या छायाचित्रकाराकडे भाड्याच्या लेन्सच्या पावत्या असतील तर ती रक्कम मागता येईल. नुसतं ‘धंदा बुडाला’ म्हणून चालणार नाही.

पर्यायी फोन मिळणं हा आपल्याकडे कायद्यानं दिलेला हक्क नाही. वॉरंटी दुरुस्तीच्या काळाइतकी आपोआप वाढतही नाही, कंपनीच्या अटींत असेल तरच. नातलगानं दुबईहून किंवा अमेरिकेहून आणलेल्या फोनला इथे वॉरंटी लागू आहे का, हे आधीच पाहावं. अनेक वॉरंट्या देशापुरत्याच असतात.

परदेशी कायदे इथे पुढे गेलेले दिसतात. कॅलिफोर्नियात वॉरंटीतली दुरुस्ती साधारणपणे 30 दिवसांत पूर्ण करावी लागते आणि वस्तू दुरुस्तीत असेपर्यंत वॉरंटीची मुदत थांबून राहते. ब्रिटनच्या 2015 च्या कायद्यात सदोष वस्तूची दुरुस्ती वाजवी वेळेत आणि ग्राहकाला मोठी गैरसोय न होता झाली नाही, तर त्याला किंमत कमी करून घेता येते किंवा वस्तू नाकारता येते. युरोपीय संघानं 2024 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. त्यात कायदेशीर हमीखाली बदलण्याऐवजी दुरुस्ती निवडणाऱ्या ग्राहकाची हमी एक वर्षानं वाढते. भारतात केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं या क्षेत्रांतल्या कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि सेवा केंद्रांची माहिती तिथे एकत्र मिळते. उपयोगी आहे, पण ती माहिती आहे, मुदतीचं बंधन नव्हे.

आयोगांच्या वेळेबद्दलही भाबडेपणा नको. प्रयोगशाळेतली तपासणी नको असेल तर तीन महिन्यांत आणि हवी असेल तर पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. कंपनीला उत्तरासाठी 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे एकही दिवस वाढवता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च 2020 मध्ये दिल्यानं निदान ही एक पळवाट बुजली आहे. अंतिम आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा 25 हजार ते 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कमी किमतीच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप परवडतो का, हा व्यावहारिक प्रश्न उरतोच. आयोगापर्यंत जाणं प्रत्येकाला जमणार नाही. पण फोटो, जॉब शीट, ई-मेल आणि नोटीस यांना जवळपास काहीच खर्च येत नाही, आणि ज्या ग्राहकाकडे हे चारही कागद आहेत त्याची वस्तू अडवून ठेवणं कंपनीला महागात पडू शकतं. ज्यांचं पार्सल आज कुठल्याशा सर्व्हिस सेंटरच्या कपाटात पडून आहे, त्यांनी पुढचा फोन करण्याआधी परतीची तारीख मागणारा ई-मेल धाडावा. तक्रारीचं कारण घडल्यापासून आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि कंपनीशी नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्यानं ती वाढत नाही.